फायनलचा चिखल

सव्वीस वर्षं मी दुबईतल्या एका फुटबॉल क्लबात कपडे धुतले. हे वाक्य लिहून मी बायकोला वाचून दाखवलं, तर सलमा म्हणाली, "एवढं उघडं लिहायची काय गरज?" तिचंही बरोबर आहे. आमच्या हर्णैकडच्या नातेवाइकांत मी इतकी वर्षं 'स्पोर्ट्स डिपार्टमेंटला' होतो. याकूब परकार दुबईत धोबीकाम करतो म्हटलं असतं, तर दोन भाच्यांची लग्नं अडली असती.

व्हिसावर हुद्दा मात्र चांगला होता, किट मॅनेजर. बाहेरच्या माणसाला वाटतं, खेळाडू येतात, कपडे घालतात, खेळायला जातात. ते कपडे खुंटीवर आपोआप उगवत नाहीत. सामन्याच्या दिवशी खेळाडू यायच्या तीन तास आधी प्रत्येकाच्या जागेवर शॉर्ट, त्यावर नंबर वर येईल अशी घडी घातलेली जर्सी, त्यावर मोजे आणि खाली बूट असं मांडावं लागतं. जर्सी प्रत्येकाला दोन, कारण सप्टेंबरातल्या दमट हवेत हाफटाइमला काढलेली जर्सी पिळली तर तांब्याभर पाणी निघतं. सगळं बरोबर असलं तर तुमच्याकडे कुणी बघत नाही. एकदा फुजैराच्या बाजूला सामन्याला गेलो आणि शॉर्ट्सची पेटी दुबईतच राहिली. त्या दिवशी माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं. शेवटी समोरच्या टीमच्या जुन्या शॉर्ट्स मागून आणल्या. आम्ही तो सामना जिंकलो, आणि कोचने पुढच्या वेळीही पेटी विसर असं सुचवलं. तो विनोद होता की काय, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नसे.

माझ्या खोलीचा नियम एकच होता. मळका कपडा आत येईल, बाहेर जाणार नाही. पाकी, म्हणजे स्वच्छता, हे अर्धं इमान, असं लहानपणी आम्हाला शिकवलेलं. उरलेल्या अर्ध्याची जबाबदारी मी कधी घेतली नाही, पण ह्या अर्ध्यात कसूर ठेवली नाही.

ह्या नियमाला विरोध करणारे भेटले. आमच्याकडे एक ब्राझिलियन फॉरवर्ड होता. जर्सीच्या आत एक पिवळी बनियन घालायचा. ती धुवायची नाही, धुतली तर गोल होणार नाहीत, असं त्याने मला पहिल्याच दिवशी छातीवर हात ठेवून सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात त्या बनियनमुळे शेजारच्या दोघांनी जागा बदलून मागितल्या. मग मी ती दर सामन्यानंतर गुपचूप धुवायचो, वाळवायचो आणि पुन्हा होती तशी चुरगाळून ठेवायचो. त्या सीझनला क्लबात सगळ्यात जास्त गोल त्याचे झाले. श्रेय त्याने देवाला आणि बनियनला दिलं. पण मनातल्या मनात मला एक गर्व चढला, की लोक धुऊ नको म्हणतात ते त्यांना कळत नाही म्हणून. हा गर्व पुढे मला महागात पडला, म्हणून ही बनियन इथे वाळत घातली आहे.

मी नोकरीला लागून अठरा-एकोणीस वर्षं झाली असतील तेव्हा मस्यू आले. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांना फुटबॉल कळतं त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांना कळत नाही त्यांना सांगून उपयोग नाही. मोठे फ्रेंच डिफेंडर होते. क्लबात सगळे त्यांना मस्यू म्हणत. फ्रान्समध्ये तसं कुणालाही म्हणतात असं नंतर समजलं, पण तोवर सवय झाली होती. ते आमच्याकडे स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून आले. कोच अकरा खेळाडू निवडतो, डायरेक्टर कोच निवडतो, आणि टीम हरली की चेअरमन नवा डायरेक्टर निवडतो, अशी ती रचना असते.

त्यांना वरच्या मजल्यावर काचेची केबिन दिली होती. तिथे ते फारसे बसले नाहीत. रोज सकाळी साडेसहाला माझ्या खोलीत यायचे, बुटांचा एक क्रेट उपडा करायचे आणि त्यावर बसून काळा चहा प्यायचे. मशिनं चालू असायची. आमचं बोलणं इंग्रजीत, आणि दोघांचंही इंग्रजी मोडकं, त्यामुळे चांगलं जमायचं.

"याकूब," एकदा ते म्हणाले, "खेळत होतो तेव्हा नव्वद मिनिटांत निकाल कळायचा. आता नव्वद ई-मेल झाल्या तरी कळत नाही."

फायलींचं त्यांना वावडं होतं. फाइल टेबलावर आली की तिथेच राहायची. पण माणसं ओळखायची त्यांची एक पद्धत होती, ती मी दुसऱ्या कुठल्या साहेबात पाहिली नाही. कुणाचा करार वाढवायची वेळ आली की ते मला विचारायचे, "मोजे कसे टाकतो?" मोजे उलटे करून गोळा टाकणारा एक असतो, सुलटे करून टोपलीत टाकणारा एक असतो. मी खरं ते सांगायचो. निदान दोन करार माझ्या मोज्यांच्या अहवालावर थांबले असावेत. पेपरात मात्र त्याला टॅक्टिकल निर्णय म्हणून छापलं होतं.

आता त्या जर्सीबद्दल. मस्यूंच्या तरुणपणी एक मोठी फायनल झाली होती. धो धो पाऊस, मैदानात गुडघाभर चिखल. शेवटच्या मिनिटांत गोलकीपर हरलेला, बॉल आत जाणार, तेवढ्यात ह्यांनी गोलच्या रेषेवर आडवं पडून तो छातीवर झेलला. उठले तेव्हाचा फोटो सगळीकडे छापून आला होता. पांढऱ्या जर्सीवर छातीच्या मधोमध बॉलचा चिखलाचा गोल ठसा, आणि कॉलरवर रक्त. तो फोटो आमच्या क्लबाच्या कॉरिडॉरमध्येही लावलेला होता. मी रोज त्याच्यासमोरून ट्रॉली ढकलत जायचो.

क्लबाने नवी गॅलरी बांधली. चषकांच्या मधोमध काचेची पेटी, आणि त्यात मस्यूंची ती जर्सी ठेवायची अशी चेअरमनसाहेबांची इच्छा होती. मस्यूंच्या बहिणीने ती फ्रान्सहून पाठवली. मीडियाचं काम बघणारा हानी म्हणून एक इजिप्शियन होता, तो उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी प्लास्टिकची पिशवी घेऊन माझ्याकडे आला. कानाला फोन होता.

"हबीबी, तुझ्याकडे कुलूप आहे, एसी आहे. ही नीट ठेव. उद्या चार वाजता काचेत लावायची. चेअरमन येणार," एवढं म्हणून तो फोनवर बोलत निघून गेला.

मी पिशवी उघडली. मळकी, कडक झालेली जर्सी. उद्या चेअरमन येणार, टीव्ही येणार, आणि ह्यांच्या बहिणीने अशी पाठवली! मला त्या बाईचा राग आला.

लोक मला नंतर विचारायचे, अरे, तू फोटो पाहिला नव्हतास का? पाहिला होता ना. पण फोटोतला चिखल इतिहास असतो आणि खोलीत आलेला चिखल माझं काम असतं. दोन्ही एकच, हे माझ्या डोक्यात आलं नाही. धुऊ नको असं मला कुणी सांगितलं नव्हतं, हे खरं आहे. पण जगात ते सांगायची गरज पडावी असा बहुतेक मी एकटाच होतो.

मशिनात टाकली नाही, एवढी अक्कल होती. चिखल बावीस-चोवीस वर्षांचा सुकलेला. तो मऊ ब्रशने झटकला, तेव्हाच ठसा निम्मा गेला. रक्ताला गरम पाणी कधी लावायचं नाही, डाग पक्का होतो. थंड पाणी आणि मीठ. गवताच्या हिरव्या रेघांना व्हिनेगर. कॉलरच्या पिवळेपणाला लिंबू आणि खायचा सोडा, ही माझ्या आईची रीत. सावलीत वाळवली, उलट्या बाजूने वर पातळ फडकं टाकून इस्त्री केली. माझ्या हातची ती सगळ्यात चांगली धुलाई होती, हे मी आजही सांगेन.

दुपारी हानी आला. हँगरवरच्या जर्सीकडे बघून म्हणाला, "ही कॉपी कुणी मागवली? ओरिजिनल कुठाय?"

"हीच ती," मी म्हणालो.

तो क्रेटवर बसला. नंतर जमिनीवर बसला.

"याकूब," तो हळू आवाजात म्हणाला, "तुला माहितेय तू काय धुतलंस?"

मग त्याने मला कॉरिडॉरमधल्या फोटोसमोर नेऊन उभं केलं. इतके दिवस रोज मी त्याच्यासमोरून गेलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा तो नीट बघितला.

इथली नोकरी आणि व्हिसा एकमेकांना बांधलेले असतात, हे वाचकांना ठाऊक असेल. नोकरी गेली की थोड्या दिवसांत दुसरी मिळवायची, नाहीतर सामान आवरायचं. माझी मुलगी अस्मा तेव्हा बारावीला होती. परीक्षेला चार महिने. आमच्या अल मजाजच्या भाड्याच्या फ्लॅटमधून उठून तिला मध्येच हर्णैला नेऊन बसवायचं, हा विचार मी त्या फोटोसमोर उभा राहून केला.

हानीलाही मुलं होती. त्याने उपाय काढला. "चिखल लावू. फोटो बघून जसाच्या तसा. मस्यूने ती पिशवी इतकी वर्षं उघडलेली नाही. त्यांना काय कळणार? खलास."

आम्ही प्रॅक्टिस ग्राउंडच्या कडेची माती आणली आणि जुन्या फडक्यावर लावून बघितली. वाळल्यावर फडकं झटकलं तर पुन्हा कोरं. ह्या देशात सगळं मिळतं, चिखल मिळत नाही. वाळू आहे, आणि वाळूला माणसाच्या कपड्याशी काही देणंघेणं नसतं.

"घरी कुंडी आहे?" हानीने विचारलं.

कुंडी होती. बाल्कनीत सलमाचा कढीपत्ता होता, आणि त्याची माती तिने गावाहून सामानात घालून आणली होती. आपली तांबडी माती. एअरपोर्टवर विचारलं तर मसाला म्हणून सांगायचं ठरलं होतं, सुदैवाने कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी जर्सी घेऊन घरी आलो, दोघींना सगळं सांगितलं. अस्मा पुस्तक मिटून उभीच राहिली.

"अब्बा, दॅट वॉज हिस्टरी. यू वॉश्ड हिस्टरी?"

"मीठ टाकून," मी म्हणालो.

"अँड माय बोर्ड्स? इफ दे कॅन्सल युअर व्हिसा, मी कुठे एक्झाम देणार?"

सलमाने एव्हाना परातीत माती भिजवली होती. ती व्यवहारी बाई. "आधी रडून घेऊ नका," ती म्हणाली, "आधी लावून बघा."

जर्सी टेबलावर पसरली. शेजारी मोबाइलवर फोटो. मी पंजा मातीत बुडवला आणि छातीच्या जागी नेला. आणि तिथेच थांबलो.

"लावा की," सलमा म्हणाली. "भाकरी थापतात तसं एकदा थापायचंय."

हात खाली जाईना. कुणी म्हणेल, प्रामाणिकपणा जागा झाला. तसलं काही नव्हतं. खोटं बोलायची माझी पूर्ण तयारी होती. पण धुतलेल्या, इस्त्री केलेल्या पांढऱ्या कपड्यावर चिखलाचा हात ठेवणं मला जमेना. तीनदा प्रयत्न केला. मग सलमाने माझ्याकडे पाहिलं, परात उचलली आणि माती परत कढीपत्त्यात ओतली.

"उद्या त्यांनाच सांगा," ती म्हणाली. "जे नशिबात असेल ते."

सकाळी साडेसहाला मस्यू आले. क्रेट उपडा केला. मी चहा दिला आणि जर्सी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"मस्यू, मी धुतली. मला समजलं नाही. माझी चूक आहे."

त्यांनी ती उलगडली. छातीवर, जिथे तो गोल होता तिथे, हात फिरवला. कॉलर बघितली. मग नाकाला लावली. लिंबाचा वास येत असणार. एक मशीन पिळायला लागलं, थरथरलं, थांबलं.

"तुला हक्क नव्हता," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

"नव्हता."

"माझी आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती," ते म्हणाले. "चादरी, डॉक्टरांचे कोट. मी सहा वर्षांचा असल्यापासून माझी प्रत्येक जर्सी तिने धुतली. मोठ्या क्लबात गेलो, तिथे धुवायला माणसं होती, तरी सुट्टीत घरी आलो की बॅग ओढून घ्यायची. फायनलनंतर ही घेऊन गेलो, तर तिने टबात पाणीच काढून ठेवलं होतं."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मी ओरडलो तिच्यावर. ही धुवायची नाही, तुला कळतं का ही काय आहे? ती म्हणाली, सगळ्या देशाने तुला मळलेला पाहिला, आता घरी तरी धुऊ दे. मी पिशवीत घालून कपाटाला कुलूप लावलं. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. मरेपर्यंत माझा एकही कपडा मागितला नाही."

मला फक्त खूप लाज वाटत होती, आणि ती नोकरीच्या भीतीपेक्षा मोठी होती.

ते उठले. जर्सीची घडी घालायला लागले, जमली नाही, तशीच माझ्या हातात दिली. "काचेत लाव," म्हणाले आणि गेले. चहा तसाच राहिला.

चार वाजता उद्घाटन झालं. पेटीखालची ब्राँझची पाटी आधीच बसवलेली होती आणि ती काही धुता येण्यासारखी नव्हती. तिच्यावर अरबीत आणि इंग्रजीत कोरलं होतं, की त्या ऐतिहासिक फायनलचा चिखल ह्या जर्सीवर आजही आहे. वर जर्सी दुधासारखी पांढरी. पाहुणे पाटी वाचायचे, जर्सीकडे बघायचे, पुन्हा पाटी वाचायचे आणि गंभीरपणे मान हलवायचे. एका बाईंनी मुलाला उचलून दाखवलं, "सी, दॅट्स द मड." एका पत्रकाराने मस्यूंना विचारलं, चिखल नक्की कुठे आहे? मस्यू म्हणाले, "ज्याने सामना पाहिलाय त्याला दिसतो." त्याने ते लिहून घेतलं. चेअरमनसाहेबांनी हानीकडे बघितलं. हानी झुंबराकडे बघत होता.

प्रकरण तिथे मिटलं नाही. दुसऱ्या आठवड्यात मला पर्सोनेलमध्ये बोलावून सांगण्यात आलं, की क्लबाच्या मौल्यवान वस्तूचं नुकसान केल्याबद्दल मला काढण्याचं पत्र तयार आहे, फक्त स्पोर्टिंग डायरेक्टरची सही बाकी आहे. मी घरी येऊन दोन सुटकेसवरची धूळ पुसली. अस्मा रोज विचारायची, "एनी लेटर?" मी म्हणायचो, इन्शाल्ला उद्या. मग आठवायचं, की ह्या बाबतीत इन्शाल्ला म्हणायचं नसतं.

मस्यू सकाळी यायचे बंद झाले होते. तीन आठवडे आले नाहीत. मी तरी साडेसहाला चहा करायचो आणि स्वतः प्यायचो. चौथ्या आठवड्यात एका सकाळी दार उघडलं, त्यांनी क्रेट उपडा केला आणि विचारलं, "नवा लेफ्ट-बॅक मोजे कसे टाकतो?"

"एक सुलटा, एक उलटा," मी म्हणालो.

"कठीण आहे," ते म्हणाले. पत्राचा विषय त्यांनी काढला नाही. मीही विचारलं नाही.

मार्च आला. अस्माची परीक्षा झाली. चांगली पास झाली. आता ती इथेच एका ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहे आणि रिटायर झाल्यापासून मी तिच्या व्हिसावर आहे, त्यामुळे घरात जपून बोलतो.

त्या वर्षी टीम शेवटून दुसरी आली, आणि रचनेप्रमाणे मस्यूंना जायला सांगण्यात आलं. ई-मेलने. केबिन रिकामी करायच्या दिवशी सकाळी ते माझ्या खोलीत आले. एका हातात जर्सी होती, ती त्यांनी गॅलरीतून काढून आणली होती. दुसऱ्या हातात एक कागद. तो त्यांनी मला दिला. माझंच पत्र, सहीची जागा कोरी.

"फायलीत मी कच्चाच," ते म्हणाले.

मी आभार मानायला तोंड उघडलं, त्यांनी हात वर केला. मग जर्सी पुढे केली.

"पुन्हा एकदा धुवायची आहे."

"मस्यू, ती स्वच्छ आहे. काचेत होती."

"माहीत आहे. मला धुवायची आहे."

मी टबात थंड पाणी काढलं. त्यांनी घड्याळ काढून इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं, बाह्या दुमडल्या आणि जर्सी दोन्ही हातांनी पाण्यात दाबली. साबण हवा तेवढा लागत नव्हता, पाणी बाहेर उडत होतं, त्यांच्या बुटांवर पडत होतं. खांदे हलत होते. मशिनं मी मुद्दाम चालूच ठेवली, म्हणजे बाहेर काही ऐकू जाऊ नये.

ते चुकीचं धुवत होते. आधी कॉलर घासायची असते. मी काही बोललो नाही.